दाजींचा खिशातला चाकू: मोसंबीच्या रोपवाटिकेसाठी पोलाद निवडताना

गेल्या थंडीत दाजी अंबडहून आले ते मोसंबीची गोणी आणि रुमालाची एक पुरचुंडी घेऊन. गोणी दारात ठेवली आणि पुरचुंडी ओट्यावर सोडली. आत तीन चाकू होते. तिन्ही घडीचे, आणि तिन्ही दोन वर्षांत कामातून गेलेले.

"पाव्हणं, तुम्ही दिवसभर लोखंडच तपासायलात. मग मला एकच सांगा, खिशात ठिवायला कुठल्या लोखंडाचा चाकू घ्यावा? सारखं पैसे घालायलोय अन् सारखी धार जायलीय."

मी वाळूजच्या एका कारखान्यात उष्णतोपचार विभागात आहे. भट्टीतून निघालेल्या भागांची कठीणता मोजणं हे माझं रोजचं काम. तेव्हा प्रश्न माझ्याकडं आला यात नवल नव्हतं. पण पुरचुंडीतला तिसरा चाकू मीच सुचवलेला होता आणि सगळ्यात महाग तोच होता. म्हणून घाईनं चौथं नाव सांगायचं धाडस झालं नाही. "हे तिन्ही माझ्याकडं ठेवा, आठ दिवसांनी सांगतो," म्हटलं. प्रत्यक्षात महिना लागला.

आधी दाजींचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्यांची मोसंबीची बाग आहे आणि जोडीला छोटी रोपवाटिका. रंगपूर लिंबू आणि जंबेरीचे खुंट, म्हणजे ज्यांवर कलम करायचं ती रोपं, वाढवायचे आणि थंडीत त्यांवर न्यूसेलर जातीच्या मोसंबीचे डोळे भरायचे. सकाळी खताच्या गोणीची शिवण कापायची, ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी, म्हणजे लॅटरल, कापून जोड बसवायचा, सुतळी तोडायची. बागेत फिरताना झाडावर सल, म्हणजे वाळकी काडी, दिसली की काढायची. दुपारी बांधावर भाकरीसोबत कांदा चिरायचा, एखादी मोसंबी कापून गोडी बघायची. हंगामात यात डोळे भरणं आलं, म्हणजे खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, डोळकाडीवरून डोळा ढालीसारखा सोलून काढायचा आणि सालीत सरकवून पट्टी बांधायची. ही सगळी कामं दाजी एकाच चाकूनं करत.

आता मेलेल्या चाकूंकडं. चाकू बाद झाला की माणूस म्हणतो "धार गेली". पण धार चार तऱ्हांनी जाते. ती वाकते, तुटते, गंजते किंवा नुसती झिजते. बोटाला चारही सारख्याच लागतात. भिंगाखाली चारही वेगळ्या दिसतात आणि चारींचं औषध वेगळं असतं, कधी कधी अगदी उलटं असतं. मी दहापटीचं भिंग, व्हर्नियर आणि कारखान्यातलं रॉकवेल यंत्र घेऊन बसलो. रॉकवेलमध्ये हिऱ्याचं शंकूसारखं टोक दीडशे किलोच्या भारानं धातूत दाबतात आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा मिळतो. पोलाद जितकं कठीण तितका आकडा मोठा. चांगल्या खिशातल्या चाकूचं पातं साधारण छप्पन्न ते बासष्टच्या मध्ये बसतं.

पहिला चाकू गावच्या लोहारमामांनी केलेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मोडका पाटा तापवून, ठोकून, बाभळीची मूठ बसवलेला. खरं सांगायचं तर मी त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. पात्याच्या पाठीला आकडा आला ३८ आणि धारेजवळ ५७. लोहारमामांनी फक्त धारेला पाणी पाजलं होतं आणि पाठ मऊच राखली होती. म्हणजे धार टिकेल आणि पातं मोडणार नाही. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडं क्रोमियम. असं पोलाद कोळशाच्या भट्टीला मानवतं. लाल तापलं की लोहचुंबक त्याला चिकटायचं थांबतं, ते सुमारे ७७० अंशांना. त्याच्या थोडं वर नेऊन बुडवलं की ते कडक होतं. मग हलकं तापवायचं आणि पात्यावर गवती पिवळा रंग चढला की थांबायचं. तो रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो. लोहारमामांकडं ना तापमापक होता ना यंत्र, आणि आमच्या विभागात ज्यासाठी नोंदवह्या भरतात ते त्यांनी डोळ्यानं साधलं होतं.

मग तो मेला कसा? गंजून. धारेच्या काठावर भिंगाखाली बारीक खड्डे होते, कीड लागलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखे. कडक धार होती, पण तिचा काठच खाल्ला गेला होता. मोसंबीचा रस, बोअरचं खारं पाणी, खताची धूळ, हे सगळं साध्या पोलादाला जाचतंच. पण इतके खोल खड्डे त्यानं पडत नाहीत. खरं कारण दाजींच्या बोलण्यात पुढं सापडलं.

दुसरा आठवडी बाजारातला. पात्यावर फक्त "स्टेनलेस स्टील" एवढंच कोरलेलं. आकडा ४८. गंजाचा डाग नाही, पण धार एका बाजूला लवलेली, नख फिरवलं तर अडकत होती. हे पोलाद मऊ होतं. दगडावर घासलं की दोन मिनिटांत धार येते आणि दोन गोण्यांत जाते. एक गोष्ट बाजारात चाकू घेताना कुणीही करू शकतं. खिशात छोटं लोहचुंबक न्यावं. ताटं-वाट्यांचं निकेलवालं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही आणि ते पाणी पाजून कडकही होत नाही. पातं चुंबकाला चिकटलं नाही तर तो चाकू तिथंच ठेवून पुढं जावं. चिकटलं म्हणजे चांगलंच आहे असंही नाही. हा चिकटत होता.

तिसरा माझा, डी२ पोलादाचा, ऑनलाइन मागवलेला. डी२ हे मुळात साच्यांचं आणि ठशांचं पोलाद. कारखान्यात पत्रा कापणारे ठसे त्याचेच असतात. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्के. मी रोज बघतो की डी२चा ठसा हजारो पत्रे कापतो आणि झिजत नाही. तेव्हा चाकूलाही तेच उत्तम, असं मी दाजींना छातीठोक सांगितलं होतं. आकडा आला ६१, म्हणजे उष्णतोपचारात खोट नव्हती. पण धारेला दाते पडले होते, उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसे. आणि पात्यावर तपकिरी ठिपके.

माझी चूक कुठं झाली ते नीट मांडतो, कारण ही चूक पुष्कळ जण करतात. पोलादात कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कार्बाइडचे अतिशय कठीण कण बनतात. झिजेला ते अडवतात. डी२मध्ये हे कण भरपूर आणि मोठे असतात, काही वीस मायक्रॉनच्याही वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या लावलेल्या धारेचा काठ मात्र एक मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे बारीक धार लावताना आपण मुरमाच्या जमिनीतून केसाएवढा बांध काढायला बघतो. ठशाची कड जाड असते, त्यावर भार सरळ दाबून येतो आणि तिथं हे कण जागेवर राहतात. चाकूची कड पातळ असते आणि सल काढताना मनगट वळतं. वाळक्या मोसंबीच्या काडीत पातं अडकलं आणि दाजींनी ते पिळून सोडवलं, की मोठा कण आपल्या जागेसकट निघून येतो. दाता पडतो तो असा.

ठिपक्यांचं कारणही तेच. स्टेनलेस म्हणायला साडेदहा टक्के क्रोमियम लागतं आणि डी२मध्ये तर बारा आहे, मग गंज का? कारण गंज अडवतं ते मोकळं क्रोमियम, पोलादात विरघळलेलं. डी२मधलं पुष्कळसं क्रोमियम त्या कणांतच अडकून पडतं. दुकानदार सांगतो ती टक्केवारी खरी असते, पण तिच्यातली कामाला किती येते ते वेगळं.

आणि मग ब्लीच. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, पण कळलं तिसऱ्या फोनवर. मी विचारलं, "दाजी, ह्या चाकूला रोज नेमकं काय काय लागतं?" त्यांनी रस, खत, पाणी सांगितलं आणि मग सहज म्हणाले, "अन् डोळे भरताना झाड बदललं की ब्लीचच्या पाण्यात बुडवायलोय."

लिंबूवर्गीय झाडांत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग आहे. त्याचा विषाणूहूनही साधा असा कारक रसातून पसरतो आणि त्याचं मोठं वाहन म्हणजे कलम करणाऱ्याचा चाकू. रंगपूर लिंबाचा खुंट त्याला विशेष बळी पडतो, साल सोलवटते आणि झाड खुरटतं. एका मातृवृक्षाचा रस पात्यावर राहिला की पुढच्या शेकडो रोपांना रोग लागू शकतो आणि तो दिसायला वर्षं जातात. पातं ज्योतीवर धरणं किंवा स्पिरिटनं पुसणं याचा ह्या कारकावर भरवसा धरता येत नाही. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट चालतं. घरगुती ब्लीच पाच टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी. दाजी हे काटेकोर पाळतात आणि त्यांची रोपं घेणाऱ्या शेतकऱ्यांचं त्यात मोठं भलं आहे. पण त्याच ब्लीचनं त्यांचे चाकू खाल्ले. ब्लीचमधलं क्लोराइड पोलादाच्या अंगावरचा संरक्षक थर एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथून आत खोल खड्डा करत जातं. लोहारमामांच्या पात्यावरचे खड्डे हेच होते.

म्हणजे प्रश्नच बदलला. धार जास्तीत जास्त कोणत्या पोलादात टिकते, हे विचारायचं कामच नव्हतं. विचारायचं होतं ते असं. ब्लीच आणि रस सोसेल, पातळ धार धरेल, पिळल्यावर दाते पाडणार नाही आणि दाजींच्या दगडावर लागेल, असं कोणतं?

दगडाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. दाजींकडं दोन बाजूंचा कुरुंदाचा दगड आहे, एक बाजू जाडी आणि एक बारीक. गावात तोच मिळतो. पोलाद निवडताना चाकू कशावर लागणार हे लोक शेवटी विचारतात आणि मला वाटतं ते पहिल्या दोन प्रश्नांत हवं. एस३०व्ही नावाचं भुकटीपासून बनवलेलं सुंदर पोलाद आहे, त्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण कुरुंदाहूनही कठीण. दगडावर घासलं तर आजूबाजूचं पोलाद झिजतं आणि कण तसेच राहतात. धार येते, पण वेळ खाते आणि बारीक होत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी लागते. दाजी डोळे भरायला बसले असताना खुंटाची साल फाटायला लागली तर त्यांना पाच मिनिटांत धार हवी. म्हणून एस३०व्ही आणि त्याच्या वरची महागडी मंडळी मी बाजूला ठेवली.

माझं मन ईएन३१कडं ओढत होतं, ते कबूल करतो. बेअरिंगचं पोलाद, एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम, परदेशात ५२१०० म्हणतात ते. कण बारीक, धार वस्तऱ्यासारखी येते, चिवट आहे आणि कुरुंदावर लोण्यासारखं लागतं. ज्याला रोज पातं पुसून तेलाचा हात फिरवायची सवय आहे आणि ज्याचा ब्लीचशी संबंध नाही, त्याला मी आजही हेच सांगेन. दाजींना नाही. ब्लीचमध्ये ते आणि लोहाराचं पातं एकाच पंक्तीला बसतात.

याच सुमारास माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, जालन्यात एवढ्या स्टीलच्या कंपन्या आहेत, मग तिथल्याच स्टीलचा चाकू का नाही करत?" पोरानं नेमकं विचारलं होतं. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनते आणि महाराष्ट्रभर स्लॅबांत जाते. सळईला वाकायला यावं, भूकंपात तुटू नये म्हणून तिच्यात कार्बन मुद्दाम कमी ठेवतात, पाव टक्क्याच्या आसपास. पाणी मारून तिची वरची साल कडक करतात, पण चाकूची धार धरायला किमान अर्धा टक्का कार्बन हवा. सळईचा चाकू होतो, पण तो बाजारातल्या त्या दुसऱ्या चाकूचा भाऊ निघतो. भाच्याला हे पटावं म्हणून सळईचा एक तुकडा तापवून बुडवला आणि कानशीनं घासायला दिला. कानस आरामात चावत गेली. नंतर तीच कानस तुटक्या बेअरिंगच्या कड्यावर घासायला लावली, ती नुसती घसरली. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही.

आपल्या भागाचं पोलादाशी नातं सळईपेक्षा जुनं आहे, हेही त्याला सांगितलं. अंबड तालुक्याच्या कडेनं वाहणारी गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात उतरते. तिथं निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम गाव आहे. मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून बनवलेलं तिथलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असे. हे सगळं आपल्याच नदीच्या खोऱ्यात होत होतं, हे पोरांना माहीत असायला हवं.

उरली ती बारीक कणांची स्टेनलेस पोलादं. यांतलं १२सी२७ स्वीडनचं, कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा. कण अगदी बारीक राखलेले. त्याच घरचं १४सी२८एन. कार्बन ०.६२, क्रोमियम चौदा आणि वर ०.११ टक्के नायट्रोजन. नायट्रोजनही कार्बनसारखाच पोलाद कडक करतो, पण क्रोमियमला कणांत तेवढं ओढून घेत नाही. त्यामुळं कठीणता साठपर्यंत नेता येते आणि मोकळं क्रोमियमही शिल्लक राहतं. डी२पेक्षा दोनच टक्के जास्त क्रोमियम, पण गंजाच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ४४०सी बघितलं, वाईट नाही, पण एक टक्क्याच्या वर कार्बन असल्यानं त्याचेही कण मोठे. स्विस सैनिकी चाकूचं पोलादही विचारात होतं. त्याची कठीणता पंचावन्न-छप्पन्न. गंजत नाही, पटकन लागतं, घरात आणि प्रवासात त्याच्याइतकं बिनत्रासाचं दुसरं नाही. सल काढायला मला थोडं मऊ वाटलं.

माझ्याकडं १४सी२८एनचा एक घडीचा चाकू होता, तीन हजारांच्या आसपास घेतलेला. दाजींना सांगण्याआधी त्याचीच परीक्षा घेतली. एक टक्का ब्लीचमध्ये लोहारमामांचं पातं, डी२, बाजारातलं आणि हे, अशी चारही घासून स्वच्छ केलेली पाती बुडवली आणि न धुता वर्तमानपत्रावर ठेवली. चहा पिऊन येईपर्यंत लोहारमामांच्या पात्यावर केशरी रंग चढला होता. सकाळी डी२वर खसखशीएवढे तपकिरी ठिपके होते आणि बाजारातल्यावर कडेला थोडी झळ. १४सी२८एनवर दोनच फिकट डाग, तेही लेझरनं नाव कोरलेल्या अक्षरांच्या कडेला. राखेनं चोळल्यावर निघाले. कोरलेल्या जागी पोलादाचा थर बिघडलेला असतो, तिथून सुरुवात होते हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लॅटरल कापायची परीक्षा दाजींच्या शेतात झाली आणि त्यात मला अपेक्षा नव्हती ते दिसलं. नवी कोरी नळी कापली तर चारही पात्यांना फारसं काही झालं नाही. रानात वर्षभर पडलेली, चिखल वाळून बसलेली नळी कापली की चारही भराभर बोथट झाली. धारेला प्लास्टिक खात नव्हतं, नळीवरची माती खात होती. मातीतला वाळूचा कण पोलादाहून कठीण असतो. दाजींना म्हटलं, कापायच्या जागी नळी आधी ओल्या फडक्यानं पुसा. एवढ्यानं जितका फरक पडला तितका पोलाद बदलूनही पडला नसता. सुतळी आणि बारदानाचंही तेच.

व्हर्नियरनं अजून एक गोष्ट दाखवली. धारेच्या लगेच मागं पात्याची जाडी किती? डी२ची ०.९ मिलिमीटर होती आणि माझ्या चाकूची ०.४. मोसंबी कापताना डी२ फोड फाडत जायचा, हा सरकत जायचा. तो फरक पोलादाचा नव्हता, घडणीचा होता. पोलादाचं नाव वाचून चाकू घेणाऱ्याला ही जाडी कुणी सांगत नाही.

निर्णय दाजींसोबत बांधावर बसून झाला. त्यांना एकच चाकू हवा होता आणि मी दोन सांगत होतो, त्यावर बराच वेळ गेला.

"दोन कशाला? खिसा एकच हाय की."

मी त्यांना घडीच्या चाकूचा सांधा दाखवला. पातं कितीही चांगलं असो, ब्लीच सांध्यात शिरतं, तिथून ते धुतलं जात नाही आणि आतले स्क्रू साध्या पोलादाचे असतात. शिवाय डोळा सोलायला एकाच बाजूनं लावलेली अगदी पातळ धार लागते. त्याच धारेनं सल काढली तर ती तिथंच संपते. आणि मला सगळ्यात जास्त खटकत होतं ते वेगळंच. फवारणीच्या औषधाची पुडी ज्या पात्यानं फाडली त्याच पात्यानं दुपारी कांदा चिरला जात होता. हे मी जरा जोरातच बोललो. ताई शेजारीच होती, ती म्हणाली, "दोन घ्या. अन् कांदा आजपासून घरून चिरून द्यायलेय." तिथं विषय संपला.

तर रोपवाटिकेसाठी न मिटणारा, एकाच बाजूनं धार असलेला स्टेनलेसचा कलम चाकू आणला. ब्लीचची बुडी फक्त त्यालाच. बुडी झाली की साध्या पाण्यात धुवायचा आणि पुसायचा. कुणी गंज टाळायला व्हिनेगरमध्ये बुडवायला सांगतात, पण ते ब्लीचशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून त्या वाटेला जायचंच नाही. खिशासाठी १४सी२८एनचा घडीचा, साडेतीन इंचांच्या आतल्या पात्याचा, दोन्ही हातांनी उघडायचा साधा. खटक्यानं उडणारा घेतला नाही, बसस्टँडवर कुणी अडवलं तर शेतकऱ्याला उगाच मनस्ताप.

पुढचा सगळा हंगाम मी दर पंधरवड्यानं फोन करून विचारत होतो आणि दोनदा जाऊन भिंगाखाली पाहून आलो. खिशातल्या चाकूची धार डी२एवढी लांब टिकत नाही, हे आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. दाजी रोज संध्याकाळी जुन्या कातडी पट्ट्यावर दहा-बारा हात मारतात आणि आठवड्यातून एकदा दगडाच्या बारीक बाजूवर. दाता एकही नाही. फेब्रुवारीत एकदा धार एका जागी लवलेली दिसली. दाजींनी त्या दिवशी तारेची गाठ सोडवायला पातं घातलं होतं. दगडावर ती सरळ झाली. डी२ असता तर तिथं तुकडा उडाला असता आणि अर्धा मिलिमीटर घासून काढावं लागलं असतं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. हंगामाच्या मध्यात कलम चाकू घरी विसरला आणि दाजींनी दोन दिवस खिशातल्याच चाकूला ब्लीचच्या बुड्या दिल्या. महिन्याभरानं तो उघडताना करकरायला लागला. मी खोलला. पातं स्वच्छ होतं, पण सांध्याच्या वॉशरखाली गंजाचा लगदा आणि एक स्क्रू डोक्यापर्यंत खाल्लेला. स्क्रू बदलला आणि सांध्यात खोबरेलाऐवजी शिलाई मशीनचं तेल घातलं, कारण खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरून बसतं.

लोहारमामांचा चाकू मी त्यांच्याकडंच परत नेला होता. रॉकवेलचे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि खड्डे पडलेली धार अंगठ्यानं बघत विचारलं, "ह्याला कशात घातलं होतं?" ब्लीच म्हटल्यावर म्हणाले, "मग लोखंड तरी काय करील." पातं पुन्हा तापवून-ठोकून, नव्यानं पाणी पाजून त्यांनी तीन दिवसांत परत दिलं.

तो चाकू आता बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करायच्या पिंपाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि मिश्रण झालं की त्यात लोखंडी पातं मिनिटभर धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घालायची. दाजींनी नव्या चाकूनं हे करून पाहिलं, पण स्टेनलेसवर तांबं चढत नाही, त्यामुळं चुना कमी असतानाही पातं चकचकीतच निघालं. फवारणी तेवढ्यावर थांबवली आणि ताईनं घरातून लोहारमामांचा चाकू आणून दिला.